वनवास, हद्दपारी, देशोधडी : पदच्युत राज्यकर्त्यांच्या वाङ्मयाची एक कसोटी

अनुवादकाच्या अडचणी वरवर शब्दांच्या दिसतात. थोडे खोल गेले की त्या विचाराच्या आहेत असे ध्यानात येते. इंग्रजीतील ‘एक्झाइल’ हा शब्द मराठीत आणताना मला ह्याचा अनुभव वारंवार आलेला आहे. राज्य गमावून परमुलखात दिवस कंठणारा राजा, जुलमी सत्तेने देशाबाहेर घालविलेला कवी आणि रातोरात घरदार टाकून सीमा ओलांडणारे कुटुंब, ह्या तिघांनाही इंग्रजी भाषा त्या एकाच शब्दाच्या छत्राखाली घेते. मराठीत तसे होत नाही. आपण रामाला वनवासाला पाठवितो. सरकार अपराध्याला हद्दपार करते, गावगुंडाला तडीपार करते. बंडात हरलेला सरदार परागंदा होतो. थकलेला पुढारी विजनवास पत्करतो. आणि दुष्काळाने, कर्जाने किंवा लढाईने उठलेली रयत देशोधडीला लागते.

ह्यातील प्रत्येक शब्दात एक निवाडा दडलेला आहे. वनवास म्हटले की जाणाऱ्याचे निर्दोषत्व गृहीत धरले जाते आणि तो परत येईल हे आश्वासनही मिळते. हद्दपारीत दोषाचा प्रश्न कायद्यावर सोपविलेला असतो. देशोधडी ह्या शब्दात मात्र जाणाऱ्याचा दोष कोणी विचारीत नाही, त्याच्या परतण्याची वाट कोणी पाहत नाही आणि त्याचे नावही कोणी लक्षात ठेवीत नाही. राजा वनवासाला जातो आणि प्रजा देशोधडीला लागते, ही वाटणी भाषेनेच करून ठेवलेली आहे. वाङ्मय बहुतेक वेळा ह्याच वाटणीने चालत आले आहे, आणि त्याचा विचार करणे हा ह्या लेखाचा हेतू आहे.

राज्यभ्रष्ट राजाची कथा आपल्याला नवी नाही. राम, पांडव, नल, हरिश्चंद्र ह्या सर्वांनी राज्य गमावले आणि कवींनी त्यांच्याबरोबर रानोमाळ फिरून करुणरसाची अपूर्व निर्मिती केली. पण ह्या सर्व कथांत एक अट कटाक्षाने पाळली गेली आहे : राजाच्या पतनाचे कारण त्याने प्रजेवर केलेला जुलूम हे नाही. कोणी पित्याच्या वचनासाठी गेला, कोणी सत्यासाठी, कोणी द्यूताच्या मोहापायी. प्रजा तर त्यांच्यामागे अश्रू ढाळीत नगराच्या वेशीपर्यंत आलेली आहे. त्यामुळे शोकाला आलंबन म्हणून असा राजा मिळाला की रसिकाचे मन निःशंक होते. भट्टनायकाने मांडलेली आणि अभिनवगुप्ताने पुढे नेलेली साधारणीकरणाची कल्पना येथे पुरेपूर लागू पडते. अमुक देशाचा अमुक राजा हे विशेष गळून पडतात आणि सर्वस्व गमावलेला माणूस तेवढा उरतो.

इतिहासातील राजाला हीच वागणूक दिली म्हणजे पंचाईत होते. त्याचे ‘विशेष’ गळून पडतात, त्यांत त्याची कृत्येही गळून पडतात. किनाऱ्यावर एकटा उभा असलेला वृद्ध दिसतो. त्याच्या सहीने रिकामी झालेली गावे दिसत नाहीत. साधारणीकरण ही काव्याची शक्ती आहे, पण पदच्युत राज्यकर्त्याच्या बाबतीत ती माफीनाम्याचेही काम करू शकते. म्हणून अशा वाङ्मयाला मी एक कसोटी लावू इच्छितो. ज्याचे राज्य गेले त्याच्या दुःखाला, त्याच्या राज्यात ज्यांची घरे गेली त्यांची ओळख पटते की नाही? वनवासाला देशोधडी दिसते की नाही? ही कसोटी नीतीची दिसत असली तरी अखेरीस ती वाङ्मयाचीच आहे, हे पुढील उदाहरणांवरून स्पष्ट व्हावे.

आधुनिक काळातील ह्या प्रकारच्या वाङ्मयाचा मूळ नमुना म्हणून ‘मेमोरियल द सेंट-एलेन’ ह्या ग्रंथाकडे पाहावे लागते. ऑक्टोबर १८१५ मध्ये नेपोलियनला दक्षिण अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना बेटावर आणले गेले आणि ५ मे १८२१ रोजी तेथेच त्याचा अंत झाला. त्याच्याबरोबर गेलेल्या मंडळींत लास काझ नावाचा एक सरदार होता. १८१६ च्या अखेरीस त्याला बेटावरून घालवून देण्यात आले. म्हणजे नेपोलियनच्या बंदिवासाचे पहिले वर्ष-सव्वा वर्षच त्याने पाहिले. परंतु त्या अवधीत टिपलेल्या संभाषणांतून त्याने सिद्ध केलेला ग्रंथ १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि साऱ्या युरोपाने तो वाचला. १८३० साली आलेल्या स्तांधालच्या ‘तांबडे आणि काळे’ ह्या कादंबरीचा नायक ज्यूलियां सोरेल हा ग्रंथ जिवापाड जपतो. एका पिढीच्या महत्त्वाकांक्षेला त्याने कसे वळण दिले, ह्याची ती वाङ्मयीन साक्षच होय.

ह्या ग्रंथाची किमया कशात आहे? येथे बादशहा स्वतः लिहीत नाही, बोलतो. लिहिणारा दुसराच आहे. त्यामुळे आत्मस्तुतीला साक्षीचे रूप येते. गव्हर्नर हडसन लो ह्याचा कोतेपणा, लाँगवुडच्या निवासातील गैरसोयी, वयाची पंचेचाळिशी ओलांडलेल्या बादशहाने लास काझकडून घेतलेले इंग्रजीचे धडे, अशा क्षुल्लक तपशिलांच्या शेजारी ऑस्टरलिट्झसारख्या लढायांच्या आठवणी येतात. मोठे आणि लहान ह्यांच्या ह्या शेजारामुळे वाचकाच्या मनात करुणा उत्पन्न होते, आणि त्या करुणेच्या प्रवाहातून एक नवाच नेपोलियन पलीकडच्या तीरावर पोहोचतो : लोकांच्या स्वातंत्र्याचा कैवारी आणि राष्ट्रांचा मित्र. सिंहासनावर असताना तो असा दिसला नव्हता. गूर्गो हा त्याचा दुसरा सोबती. त्याची रोजनिशी १८९९ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात कंटाळलेला, चिडणारा, क्षुद्र कुरबुरींत अडकलेला माणूस भेटतो. बेट एकच, माणूस एकच. पण लास काझने त्यातून वनवास घडविला आणि गूर्गोने हद्दपारी नोंदविली.

पण आपली कसोटी लावायची तर आणखी एका जागी थांबले पाहिजे. सेंट-डोमिंग, म्हणजे आजचे हैती, ह्या वसाहतीवर केलेल्या स्वारीबद्दल नेपोलियनने लास काझजवळ खेद व्यक्त केल्याचे ह्या ग्रंथात नमूद आहे. ती स्वारी ही मोठी चूक होती आणि तूसां लूव्हेर्त्यूरच्या हातूनच त्या वसाहतीचा कारभार चालवून समाधान मानायला हवे होते, असा त्या बोलण्याचा आशय. वाचताना क्षणभर वाटते की येथे बंदिवान बादशहाला दुसरा बंदिवान दिसणार. पण तसे घडत नाही. चूक झाली ती हिशेबाची, असे तो म्हणतो. अन्याय झाला असे म्हणत नाही.

तूसां हा दुसरा बंदिवान. गुलामगिरीत जन्मलेला हा पुरुष पुढे सेंट-डोमिंगचा सेनापती झाला आणि १८०१ च्या राज्यघटनेने तहहयात गव्हर्नर झाला. त्याच्याही राज्यात मळ्यांवरच्या मजुरांवर कठोर सक्ती होती. तो निष्कलंक होता असे म्हणण्याचे कारण नाही. १८०२ मध्ये नेपोलियनने फ्रेंच वसाहतींत गुलामगिरीला पुन्हा कायद्याचा आधार दिला. त्याच वर्षी जून महिन्यात तूसांला दग्याने पकडून फ्रान्समध्ये आणण्यात आले आणि जुरा पर्वतातील फोर द झू ह्या थंडगार किल्ल्यात कोंडण्यात आले. तेथे त्याने एक निवेदन सिद्ध केले. ते नेपोलियनलाच उद्देशून होते. त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरातील खर्डेही उपलब्ध आहेत, आणि त्यांतील फ्रेंच शब्द कानाला जसे ऐकू येतात तसेच उतरविलेले आहेत. आपल्या कारभाराचा हिशेब देऊन त्याने रीतसर चौकशीची मागणी केली. गोऱ्या सेनापतीला अशी वागणूक मिळाली असती काय, असे विचारले. बायकामुलांच्या ताटातुटीबद्दल लिहिले. उत्तर आले नाही. पुढे त्याची लेखनसामग्रीही काढून घेण्यात आली. ७ एप्रिल १८०३ रोजी तो त्या कोठडीत मरण पावला. निवेदन प्रसिद्ध व्हायला १८५३ साल उजाडले.

हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत. एकाजवळ चार-चार लेखनिक आणि ऐकायला सारे युरोप. दुसऱ्याजवळ अडखळती लेखणी आणि ऐकणारा एकच, तोही न ऐकणारा. ‘मेमोरियल’चे आठ खंड आहेत आणि तूसांचे निवेदन काही पानांचे. तरीही वाङ्मय म्हणून ह्या लहान लेखनात जी ताकद आहे ती मला त्या आठ खंडांत सापडत नाही. कारण तूसां स्वतःच्या दुःखाबद्दल बोलताना आपल्याला पकडणाऱ्या व्यवस्थेबद्दलही बोलतो. त्याच्या कैदेला संदर्भ आहे. नेपोलियनचे दुःख सुंदर आहे, पण ते समुद्राने चारी बाजूंनी वेढलेले आहे. ज्याला त्याने कोठडीत टाकले त्याची हाक त्या बेटावर पोहोचत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. येथे राज्य घेणारी सत्ता परकी होती. त्यामुळे पदच्युत राजाविषयीच्या करुणेत स्वदेशाच्या दुःखाचाही अंश मिसळलेला आहे आणि कसोटी लावणे अधिक नाजूक होते.

बहादुरशहा जफरला खटल्यानंतर ऑक्टोबर १८५८ मध्ये दिल्लीहून नेण्यात आले आणि ७ नोव्हेंबर १८६२ रोजी रंगूनमध्ये तो निवर्तला. त्याची कबर ओळखू येऊ नये अशा बेताने त्याला पुरण्यात आले; तिचा खरा ठावठिकाणा १९९१ मध्ये लागला. रंगूनमधील त्याच्या दुःखाच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या गझला भारतात कोणाला ठाऊक नाहीत? परंतु त्या बंदिवासात त्याला लेखणी, शाई आणि कागद देण्याची मनाई होती. ह्या कारणास्तव त्यांतील सर्वांत गाजलेल्या रचना त्याच्याच आहेत काय, ह्याविषयी अभ्यासकांनी शंका घेतलेली आहे. एक गझल तर मुज्तर खैराबादींची असल्याचा दावा साधार मांडला गेला आहे.

पाठचिकित्सेच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण समीक्षेचे काम तेथे संपत नाही. ज्या राजाची लेखणी काढून घेतली त्याच्या नावावर लोकांनी गझला का जमा केल्या, हे विचारले पाहिजे. मला असे वाटते की १८५७ नंतर दिल्लीतून जी हजारो कुटुंबे बाहेर काढली गेली, त्यांच्या शोकाला एक नाव हवे होते. ज्यांच्या देशोधडीची बखर कोणी लिहिली नाही, त्यांनी आपले दुःख राजाच्या वनवासात ठेव म्हणून ठेवले. लास काझच्या ग्रंथात राजाचा आवाज प्रजेच्या आवाजाची जागा घेतो. जफरच्या बाबतीत प्रजेने मुक्या राजाला आपला आवाज दिला. म्हणून त्या गझला जफरच्या नसल्या तरी खोट्या ठरत नाहीत. त्यांचे कर्तृत्व बदलते, सत्य बदलत नाही.

अवधचा नबाब वाजिदअली शहा ह्याची गोष्ट निराळी. त्याच्याजवळ लेखणी होती, वर्षासन होते, आणि राजा होण्यापूर्वीपासून तो कवी होता. फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनीने अवध खालसा केले. दाद मागण्यासाठी तो लंडनच्या वाटेने निघाला, पण कलकत्त्यालाच राहिला. पुढे गेलेली त्याची आई जानेवारी १८५८ मध्ये पॅरिसला वारली. बंडाच्या धामधुमीत त्याला दोन वर्षांहून अधिक काळ फोर्ट विल्यममध्ये अटकेत ठेवण्यात आले. ‘हुज्न-ए-अख्तर’ ही त्याची मसनवी ह्याच दुर्दैवाची कहाणी आहे. ‘अख्तर’ हे त्याचे काव्यनाम, तेव्हा अख्तरचे दुःख असा तिच्या नावाचा अर्थ. सुटकेनंतर १८८७ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, त्याने कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी मटियाबुर्ज येथे दुसरे लखनौ उभे केले.

ह्या दुसऱ्या लखनौचे चित्र आपल्याला मिळते ते राजाच्या मसनवीतून नव्हे, तर अब्दुल हलीम शरर ह्यांच्या लेखमालेतून. शरर हे राजाच्या आश्रितांपैकी एका कुटुंबातले. वयाच्या नवव्या वर्षी ते मटियाबुर्जला आले आणि तेथेच वाढले. पुढे १९१३ पासून ‘दिलगुदाज’ मासिकात त्यांनी जुन्या लखनौविषयी जे लिहिले ते ‘गुजिश्ता लखनौ’ ह्या नावाने ओळखले जाते. त्यात राजाचे प्राणिसंग्रहालय आहे, सापांसाठी बांधलेली टेकडी आहे. पण त्याबरोबर आचारी, गवई, कबुतरे पाळणारे, पतंग उडविणारे, कारागीर हेही आहेत. राजाबरोबर एक सबंध शहर स्थलांतरित झाले होते. राजाचे डोळे मिटले आणि मटियाबुर्जचा बाजार उठला. राजाला सहानुभूतीने पाहणारा शररांचा दृष्टिकोन निव्वळ स्तुतिपाठकाचा नाही. विलासाचे दोष ते दाखवितात. वनवासाला देशोधडी दिसावी ही जी अपेक्षा आपण केली, ती येथे राजाच्या काव्याने नव्हे, तर त्याच्या अन्नावर वाढलेल्या मुलाच्या गद्याने पुरी केलेली आहे.

जफर रंगूनला गेला. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, नोव्हेंबर १८८५ मध्ये, ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा मंडालेहून निघाला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला पोहोचला. साम्राज्याने दोन राजांची जणू अदलाबदल केली. थिबाचा मुक्काम कोकणच्या किनाऱ्यावर तीस वर्षे पडला. त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात तो १९१० मध्ये राहायला गेला आणि डिसेंबर १९१६ मध्ये मरण पावला. रत्नागिरीकरांना तो वाडा परिचयाचा आहे. राजाविषयीच्या आख्यायिकाही आहेत. त्याच्या थोरल्या कन्येचा वंश रत्नागिरीतच मराठी बोलत वाढला.

थिबाने ना मसनवी रचली, ना त्याला लास काझ मिळाला. त्याच्या हातचे वाङ्मय म्हणजे सरकारला केलेले अर्ज : वर्षासन पुरत नाही, राहती जागा योग्य नाही, मुलींच्या विवाहांचे काय करावे. अर्ज हाही पदच्युत राजाच्या वाङ्मयाचा एक प्रकार मानला पाहिजे, आणि मराठी वाचकाला तो नवा नाही. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह ह्यांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठविण्यात आले आणि १८४७ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या वतीने रंगो बापूजी गुप्ते ह्यांनी १८५३ पर्यंत लंडनमध्ये दाद मागितली. धनी वारल्यावरही वकिलाचे अर्ज थांबले नाहीत, ही गोष्ट कोणत्याही शोककाव्याइतकी हेलावून टाकणारी आहे. पण प्रतापसिंहांच्या बाजूने न्याय मागता येत होता. थिबाच्या अर्जांत ते बळ नाही. कारण १८७९ मध्ये, त्याच्या राज्यारोहणानंतर लगेच, राजघराण्यातील कित्येक स्त्रीपुरुषांची कत्तल झाली होती. त्या कारस्थानात त्याचा स्वतःचा वाटा किती आणि राणीच्या आईचा किती, हे इतिहासकारांनी तपासावे. समीक्षकाने एवढेच पाहावे की ते रक्त त्या अर्जांत कोठेही दिसत नाही.

अमिताव घोष ह्यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ (२०००) ह्या इंग्रजी कादंबरीने ह्या हद्दपारीला वाङ्मयीन रूप दिले. तिचे श्रेय मला एका निवडीत दिसते. रत्नागिरीतील भाग त्यांनी राजाच्या अंतःकरणात शिरून लिहिलेला नाही. डॉली नावाची राणीची दासी त्याच्या केंद्रस्थानी आहे. राजाने राज्य गमावले म्हणून तो येथे आला; ह्या मुलीने काय गमावले होते? तिला पदच्युत करण्याजोगे पदच नव्हते. तरी तीही हद्दपार झाली, आणि तिच्या हद्दपारीचा हुकूमनामा कोणी काढलेलाही नव्हता. राजाच्या वनवासात कितीजणांची देशोधडी बिनबोभाट सामावलेली असते, हे ह्या एका पात्रामुळे कळते. कादंबरीच्या उत्तरार्धात घटनांची दाटी झाली आहे आणि काही व्यक्ती इतिहासाच्या ओझ्याखाली पुसट झाल्या आहेत, हे मान्य करूनही ही दृष्टी मोलाची आहे.

विसाव्या शतकात राजांची जागा हुकूमशहांनी घेतली. त्यांना पाठविण्यासाठी बेट लागले नाही. ते विमानाने, कुटुंबासह आणि बहुधा धनासह गेले. इराणचा शहा महंमद रेझा पहलवी १६ जानेवारी १९७९ रोजी देश सोडून निघाला आणि इजिप्त, मोरोक्को, बहामा, मेक्सिको, अमेरिका, पनामा असा फिरत २७ जुलै १९८० रोजी कैरोत वारला. ह्या भटकंतीत त्याने ‘इतिहासास उत्तर’ ह्या आशयाच्या नावाचे पुस्तक सिद्ध केले. आजारी, कोणालाच नकोसा झालेला राजा एका दारातून दुसऱ्या दारात जातो, ह्यात करुणेला पुरेसा अवसर आहे. पण पुस्तकाचा रोख आहे तो विश्वासघातकी मित्रराष्ट्रांवर; ‘सावाक’ ह्या त्याच्या गुप्त पोलिसदलाचा विषय निघाला की लेखणी वकिली करू लागते.

ह्या पुस्तकाच्या शेजारी रेझा बराहेनी ह्या कवी-समीक्षकाचे ‘द क्राउन्ड कॅनिबल्स’ (१९७७) ठेवावे. बराहेनी १९७३ मध्ये सावाकच्या कैदेत होते. पुढे अमेरिकेत राहून त्यांनी शहाच्या तुरुंगांविषयी लिहिले. क्रांतीनंतर ते मायदेशी परतले, तर नव्या राजवटीनेही त्यांना छळले, आणि अखेर कॅनडात, २०२२ मध्ये, त्यांचा मृत्यू झाला. शहाने इतिहासाला जे उत्तर दिले त्यात विचारणाऱ्याचे नाव नाही. प्रश्न इतिहासाचा नव्हता, बराहेनींचा होता.

युगांडाचा इदी अमीन ह्याने तर काहीच लिहिले नाही. १९७२ मध्ये त्याने देशातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत निघून जाण्याचा हुकूम दिला. त्यांत मोठा भरणा पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांचा होता. १९७९ मध्ये स्वतः अमीनला पळावे लागले आणि २००३ मध्ये तो सौदी अरेबियात मरण पावला. त्याच्या हद्दपारीला ग्रंथ नाही, पण त्याने घडविलेल्या देशोधडीला आहे. त्या निर्वासितांपैकीच एक, महमूद ममदानी, ह्यांचे ‘फ्रॉम सिटिझन टू रेफ्युजी’ १९७३ मध्ये निघाले. नागरिकाचा निर्वासित कसा होतो हे ते नावातच सांगते. येथे भाषेने केलेली जुनी वाटणी प्रथमच उलटी झालेली दिसते : प्रजेजवळ लेखणी आहे आणि राजा मुका आहे.

ललित वाङ्मयात ह्या विषयाला खरा न्याय कोणी दिला असे विचारले तर गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या ‘कुलपतीचा शिशिर’ (१९७५) ह्या कादंबरीचे नाव मी घेईन. तीत समुद्रावरच्या कड्यावर एक घर आहे. शेजारच्या देशांतून पदच्युत होऊन पळून आलेले हुकूमशहा तेथे आश्रयाला आहेत. ते डॉमिनो खेळतात, गतवैभवाच्या गोष्टी सांगतात, आणि अजून सत्तेवर असलेला यजमान त्यांना अधूनमधून भेटायला येतो. लास काझने जे आठ खंडांत गंभीरपणे मांडले त्याचे येथे विडंबन होते. त्या घरात सगळ्यांच्या आठवणी एकसारख्याच आहेत. प्रत्येकाला वाटते आपले दुःख एकमेव आहे. कादंबरीकार त्या सर्वांना एकाच ओसरीवर बसवितो. साधारणीकरण येथेही आहे, पण उलट दिशेचे. त्याने करुणा उपजत नाही, भ्रम फिटतो. आणि गंमत अशी की भ्रम फिटल्यावर त्या म्हाताऱ्यांविषयी थोडी खरीखुरी कीवही वाटते. तिच्यात माफी नसते, म्हणून ती टिकते.

ह्यावर आक्षेप येईल की हा नीतिवाद झाला. कलाकृतीला तिच्या बाहेरचा दंडक का लावावा? राजाचे दुःख राजापुरते उत्कटतेने व्यक्त झाले तर तेवढ्याने कवीचे कार्य झाले नाही काय? आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळू नये. कवीने राजाला दोषी ठरवावे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. ‘हुज्न-ए-अख्तर’मध्ये वाजिदअली शहाने पश्चात्ताप करायला हवा होता, ही मागणी हास्यास्पद होईल. पण अनुभवाची पूर्णता हा तर वाङ्मयाचा आपलाच निकष आहे. सत्ता गमावणे म्हणजे काय, हे सत्ता म्हणजे काय हे जाणल्यावाचून कळणार नाही. आणि सत्ता ज्यांच्यावर चालविली गेली ते लोक वगळले तर सत्तेचा अनुभव अर्धाच राहतो. नेपोलियनच्या ग्रंथात तूसांवरील त्या खेदाच्या जागी जी पोकळी आहे, ती नीतीची उणीव आहेच, पण ती वाङ्मयाचीही उणीव आहे. तेथे बोलणारा माणूस स्वतःला पाहता पाहता थांबतो.

डिसेंबर २०२४ मध्ये सीरियाचा बशर अल असद मॉस्कोला पळून गेला. त्याआधीच्या तेरा वर्षांच्या यादवीत त्या देशातील निम्म्याहून अधिक लोकांना घर सोडावे लागले होते. उद्या त्याचाही एखादा लास काझ निघेल. अशा ग्रंथांना वाचक मिळतात आणि अनुवादकही मिळतात. त्या दिवशी शब्दकोश उघडून बसलेल्या अनुवादकाने कोणता शब्द निवडावा? मी माझ्यापुरता निर्णय केलेला आहे. अशा राज्यकर्त्यासाठी ‘वनवास’ हा शब्द मी वापरणार नाही. तो रामाकडे राहू द्यावा. ‘हद्दपारी’ पुरेशी आहे. आणि ‘देशोधडी’ हा शब्द जेथे मूळ ग्रंथकाराने गाळला आहे असे जाणवेल, तेथे अनुवादकाला तो घालता येणार नाही; त्याचा तो अधिकार नव्हे. पण समीक्षकाला ती गाळलेली जागा दाखविता येते. रत्नागिरीला राजवाड्यात राबलेल्या ब्रह्मी दासदासींची, मटियाबुर्जहून पांगलेल्या कारागिरांची हकीकत शोधून लिहिण्याचे काम अजून पुष्कळ शिल्लक आहे. ते झाले म्हणजे राजांची दुःखेही आपल्याला अधिक चांगली वाचता येतील.